यंदापासूनची परंपरा

आमच्या सासऱ्यांच्या तोंडून वर्षातून पाच-सहा वेळा एक वाक्य हमखास येतं : "यंदापासून आपल्या घरची परंपरा अशी आहे..." 'अशी करू या का' नाही, आहे! परंपरा म्हणजे खापरपणजोबांपासून चालत आलेलं काहीतरी, अशी लग्न होईपर्यंत माझी समजूत होती. सासऱ्यांना ती दुपारच्या चहाला सुचते, संध्याकाळी लागू होते आणि दुसऱ्या दिवशी कुणी चुकलं तर "पूर्वापार चालत आलेलं मोडू नका" असं ऐकूनही घ्यावं लागतं.

सासरे एसटीत वाहतूक नियंत्रक होते. म्हणजे स्थानकातल्या त्या जाळीच्या खिडकीमागे बसून माइकवरून गाड्या सोडणारे. जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर झालं आहे. पत्ता लिहिताना सासरे ते न चुकता लिहितात, पण बोलताना 'नगर'च येतं, कारण ३२ वर्षं माइकवर तेच म्हटलेलं. निवृत्तीच्या दिवशी शाल-श्रीफळ मिळालं आणि माइक तिथेच राहिला. गाड्या सोडायची सवय मात्र त्यांच्या पाठोपाठ घरी आली. घरात सोडण्यासारखं काही नव्हतं. पहिले दोन महिने त्यांनी दूधवाला, पेपरवाला आणि सासूबाईंची भिशी यांच्या वेळा लिहून ठेवल्या. मग त्यांची नजर चर्चच्या वर्षाकडे गेली, आणि एवढं चोख वेळापत्रक जन्मभर डोळ्यांसमोर असून आपण पाहिलंच नाही याची त्यांना फार हळहळ वाटली.

तसं ते वेळापत्रकच आहे म्हणा. चर्चचं वर्ष जानेवारीत सुरू होत नाही, नाताळच्या आधीच्या चौथ्या रविवारी होतं. चार रविवारांचा आगमनकाळ, मग नाताळ, ६ जानेवारीला प्रकटीकरणाचा सण, पुढे राखेचा बुधवार, चाळीस दिवसांचा उपवासकाळ, झावळ्यांचा रविवार, शुभ शुक्रवार, ईस्टर आणि ईस्टर धरून पन्नासाव्या दिवशी पेंटेकॉस्ट. "बघा जावईबापू," ते मला म्हणाले, "नाताळ ही ठरलेली गाडी. २५ डिसेंबर म्हणजे २५ डिसेंबर. ईस्टर चंद्रावर चालतो. २१ मार्चला किंवा त्यानंतर जी पौर्णिमा येईल, तिच्या पुढचा रविवार. २२ मार्च ते २५ एप्रिल, यात कधीही लागेल. प्रवाशांनी फलाट सोडू नये."

त्याच आठवड्यात कापडी बांधणीचं एक लांबडं रजिस्टर आलं. रकाने असे : परंपरेचे नाव, सुरू झाल्याचा दिनांक, सुटण्याची वेळ, पोहोचण्याची वेळ, शेरा.

पहिली नोंद आगमनकाळाच्या चक्राची. सासऱ्यांनी कुठेतरी वाचलं होतं की मेणबत्त्यांचं हे चक्र १८३९ साली हॅम्बर्गमध्ये योहान हिन्रिख विखर्न नावाच्या पाळकाने सुरू केलं. त्याने सांभाळलेली गोरगरिबांची मुलं 'नाताळ कधी, नाताळ कधी' करून त्याला भंडावून सोडायची, म्हणून त्याने गाडीच्या जुन्या चाकावर मेणबत्त्या लावल्या. रोज एक लहान पेटवायची आणि रविवारी मोठी. 'गाडीच्या चाकावर' हे दोन शब्द वाचल्यावर सासऱ्यांना आवरणं कुणाच्याच हातात नव्हतं. माळ्यावर स्कूटरचं जुनं टायर पडून होतं. त्याला अशोकाची पानं गुंडाळली, शेवंती खोचली, चार मेणबत्त्या उभ्या केल्या. पहिल्या रविवारी सगळे भोवती बसलो. सासऱ्यांनी यशयाचा उतारा काढला, मोठ्याने वाचायला घेतला. अंधारात वाट पाहणाऱ्या लोकांना प्रकाश दिसतो, तिथपर्यंत आले असतील नसतील, तोच मेणबत्ती कलंडली. आधी पानं धुमसली, मग रबर. शेजारच्या वहिनी गॅलरीतून ओरडल्या, "अहो, कुणाचं टायर जळतंय का बघा!" रजिस्टरात शेरा पडला : मार्गात बिघाड.

पुढच्या रविवारी सासूबाईंनी काही न बोलता एका स्टीलच्या ताटात दिवाळीतल्या उरलेल्या चार पणत्या मांडल्या. पहिल्या रविवारी एक, दुसऱ्या रविवारी दोन. "नाहीतरी डब्यात पडूनच होत्या," एवढंच म्हणाल्या. त्याला आता नऊ वर्षं झाली. आगमनकाळाचं ते ताट अजून दर रविवारी निघतं. रजिस्टरात त्याची नोंद नाही, कारण सासऱ्यांच्या मते ती परंपरा नव्हे. ती सासूबाईंची सोय आहे.

मग नाताळचा फराळ. नगरकडच्या ख्रिस्ती घरांत नाताळला केक असतोच, पण खरा मान करंज्या, चकल्या, शंकरपाळ्या आणि चिवड्याला. दिवाळीत शेजारून आलेले डबे नाताळात भरून परत जातात. सासऱ्यांनी ठरवलं, फराळाच्या प्रत्येक पदार्थाचा आध्यात्मिक अर्थ मुलांना कळलाच पाहिजे. करंजी म्हणजे गव्हाणी. आकार बघा, आत सारण म्हणजे बाळ. चकली म्हणजे अनंतकाळ. टोक सापडत नाही. चिवडा म्हणजे मंडळी; नाना प्रकारचे लोक एकत्र. इथपर्यंत गाडी सुसाट आली आणि शंकरपाळीपाशी अडली. नावच असं! सासरे बराच वेळ विचारात पडले. सासूबाई लाटता लाटता म्हणाल्या, "नाव बदलायचं तर बदला, तूप तेवढंच लागतं." तो विषय तिथेच तळला गेला.

फराळाच्या आधी प्रार्थना. सासऱ्यांची प्रार्थना मनापासूनची असते आणि मन मोठं आहे. घरातले, गल्लीतले, मंडळीतले, आजारी, प्रवासात असलेले, आणि प्रवासाचा विषय निघाला की घाटातले सगळे चालक-वाहक. समोर चहावर साय धरते. 'शेवटी, हे प्रभू' असं ते तीनदा म्हणतात. नवखा माणूस पहिल्याच 'शेवटी'ला करंजीकडे हात नेतो. मीही नेला होता. बायकोने कोपराने ढोसलं आणि नंतर समजावलं, "पहिलं 'शेवटी' हा विनंती थांबा. दुसऱ्याला गाडी हळू होते. तिसऱ्याला उतरायचं."

नाताळच्या कॅरल राउंडचंही एके वर्षी त्यांनी वेळापत्रक काढलं. तरुण संघाची पोरं ढोलकी, गिटार घेऊन रात्री घरोघर गाणी म्हणत फिरतात. सासऱ्यांनी चौदा घरं आणि घरटी बारा मिनिटं असा तक्ता करून हाती दिला : दोन गीतं, एक प्रार्थना, निघा. पण कॅरल राउंडमधली खरी उपासना चहाची असते, हे तक्त्यात धरलेलं नव्हतं. पहिल्याच घरी चहा, चिवडा, केक, 'तुझा आवाज अगदी तुझ्या आजोबांसारखा', डोळे पुसणं आणि पुन्हा चहा. पहिल्याच थांब्यावर गाडी पन्नास मिनिटं लेट. चौदाव्या घरी पोहोचले तेव्हा पहाटेचे साडेतीन वाजले होते. त्या घरच्या आजीबाईंनी दार उघडून आधी विचारलं, "कोण वारलं?"

उपवासकाळाचा किस्सा तर नगरभर झाला. राखेच्या बुधवारपासून ईस्टरपर्यंत मोजलं तर ४६ दिवस भरतात. त्यातले सहा रविवार वगळले की चाळीस. रविवार हा पुनरुत्थानाचा दिवस, त्यामुळे त्या दिवशी उपास नाही. सासऱ्यांनी फर्मान काढलं : प्रत्येकाने एक आवडती गोष्ट सोडायची, वाचलेले पैसे डब्यात टाकायचे, ईस्टरला गरजूंना द्यायचे. स्वतः चहा सोडला. मेहुण्याने मोबाइलवरचा खेळ सोडला. मी, जावई म्हणून सवलत मिळेल या आशेवर, गप्प बसलो. माझी मिसळ सुटली. सासूबाईंना विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, "मी काय सोडू? सगळं आधीच सोडून तर या घरात आले." गुरुवारी सासऱ्यांचं डोकं दुखलं. शुक्रवारी ते रजिस्टरशी भांडले. रविवारी सकाळी मात्र 'रविवार मोजायचा नसतो' हे कलम त्यांनी असं काही वापरलं की उपासनेला जाईपर्यंत सहा कप झाले होते. डब्यात मात्र रोज बरोबर चहाचे पैसे पडत राहिले, हेही सांगितलं पाहिजे. चाळिसांतला एकही दिवस त्यांनी खाडा केला नाही.

शुभ शुक्रवारी दुपारी बारा ते तीन उपासना असते. प्रभूने क्रूसावर काढलेल्या सात उद्गारांवर सात जण बोलतात. त्या वर्षी पाचवा उद्गार सासऱ्यांच्या वाट्याला आला. पाचवा म्हणजे तहानेचा. एप्रिल महिना, नगरचं ऊन, वर पत्रा आणि भोवती उपाशी मंडळी. वाट्याची वेळ पंधरा मिनिटं. दुसऱ्यांच्या गाड्या सेकंदावर सोडणारा हा माणूस स्वतः माइकपुढे उभा राहिला आणि निवृत्तीपासूनचा विरह उफाळून आला. पस्तीस मिनिटं झाली. पुढच्या बाकावरच्या बायका पदराने वारा घेत होत्या, मुलं एकमेकांच्या खांद्यावर पडली होती. उपासना संपल्यावर एक वयस्कर पंच त्यांच्याजवळ आले, हातात हात घेतला आणि म्हणाले, "सलाम. सातांपैकी हा एकच उद्गार आज मला पूर्ण समजला."

ईस्टरच्या अंड्यांवर सासऱ्यांचा आधी आक्षेप होता. बायबलात अंडं कुठे आहे? मग कुणीतरी सांगितलं की कबरेतून बाहेर येणाऱ्या जीवनाची ती खूण आहे, आणि परंपरा मंजूर झाली. बारा अंडी उकडली, सहा बीटात रंगवली, सहा हळदीत, आणि पहाटे कब्रस्तानातल्या उपासनेहून परतल्यावर सासऱ्यांनी ती अंगणात लपवली. नातवंडांना अकरा सापडली. बारावं कुठे ठेवलं ते सासऱ्यांनाच आठवेना. आठवड्याभराने ते सगळ्या आळीला सापडलं. शेरा : एक प्रवासी सामान विसरले.

अशा वेळी घरात कुणी हसलं की सासरे टिळकांना पुढे करतात. लोकमान्यांना नव्हे, नगरात आमचे टिळक म्हणजे रेव्हरंड नारायण वामन टिळक. १८९५ साली त्यांचा बाप्तिस्मा झाला आणि पुढे त्यांनी मराठी ख्रिस्ती उपासनेत अभंग, भजन, कीर्तन असं मांडलं की आज ते परकं होतं असं सांगूनही कुणाला पटत नाही. "तेव्हाही लोक म्हणालेच असतील, हे काय नवीन खूळ!" सासरे म्हणतात. "आणि आज? टाळाशिवाय भजन होतं का तुमचं? एकाने सुरू केलं म्हणून झालं ना?" मुद्दा बिनतोड होता. सासूबाई चाळणीतून रवा चाळत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "टिळकांनी 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य सुरू केलं खरं. पण पुरं कुणी केलं? त्यांच्या बायकोने, लक्ष्मीबाईंनी. या घरातही तेच चाललंय." सासरे उठून अंगणात गेले. झाडांना पाणी घालायची ती वेळ नव्हती.

बायकोला एकदा विचारलं, हे पपा पहिल्यापासून असेच का? ती म्हणाली, "छे. आमच्या लहानपणी पपा नाताळला घरी असले तर झोपलेले असायचे." दिवाळीत बाकीचे घरी जावेत म्हणून जादा गाड्यांची ड्युटी ते मागून घेत. त्याच्या बदल्यात नाताळला रजा मिळायची, ती पण सुट्ट्यांच्या गर्दीत अर्धी व्हायची. चोवीस तारखेला रात्री शेवटच्या गाडीने यायचे, तोवर कॅरलवाली पोरं येऊन गेलेली, फराळाचं ताट झाकून ठेवलेलं. हे ऐकल्यापासून मी रजिस्टराला हसत नाही. म्हणजे हसतो, पण ते स्वतःच्याच राहिलेल्या फेऱ्या भरून काढत आहेत, हे जाणून हसतो.

आता मागी लोकांचं, म्हणजे बाळ येशूला भेटायला पूर्वेकडून आलेल्या त्या विद्वानांचं.

नाताळचा देखावा करायचा ठरला तेव्हा सासऱ्यांनी मत्तय आणि लूक दोन्ही शुभवर्तमानं शेजारी ठेवून तपासणी केली. मेंढपाळ लूकमध्ये आहेत : मंजूर. गव्हाणी आहे : मंजूर. बैल आणि गाढव दोन्हींत कुठेच नाहीत : निलंबित. सासूबाईंनी विचारलं, "गोठा म्हणता आणि गुरं नाहीत?" दोन दिवसांनी सासऱ्यांना यशयाच्या पहिल्याच अध्यायात बैल आणि गाढव एकत्र सापडले, शिवाय १२२३ साली असिसीच्या संत फ्रान्सिसने इटलीतल्या ग्रेच्चो गावी देखावा केला, तेव्हा खरे बैल-गाढव उभे केले होते, हेही कळलं. दोघांना मागील वेतनासह कामावर घेण्यात आलं.

मागी मात्र अवघड गेले. एक तर ते गोठ्यात आलेच नाहीत. मत्तय सांगतो, ते घरात आले. दुसरं, ते जन्माच्या रात्री पोहोचलेले नाहीत. तिसरं, ते तीन होते असं कुठेही लिहिलेलं नाही. देणग्या तीन, सोनं, ऊद आणि गंधरस. त्यावरून माणसं तीन हा लोकांचा हिशेब. "तीन कुठे लिहिलंय?" हा प्रश्न सासऱ्यांनी त्या मोसमात पाळकसाहेबांपासून केकवाल्यापर्यंत सगळ्यांना विचारला. पण संच विकत घेतला त्यात मागी तीन होते, आणि पैसे तिघांचे दिलेले.

मग परंपरा ठरली. मागी २५ डिसेंबरला पूर्वेकडून निघतील, रोज थोडे पुढे सरकतील आणि ६ जानेवारीला देखाव्यापाशी पोहोचतील. नातवाच्या मोबाइलवर पूर्व दिशा काढली. घराच्या पूर्वेला न्हाणीघर. तिथे ठेवण्याजोगी एकच सपाट जागा : वॉशिंग मशीन. त्यामुळे नाताळच्या सकाळी आंघोळीला जाणाऱ्या प्रत्येकाचं स्वागत उंटावरचे तीन प्राच्य विद्वान करायचे. पहिल्या वर्षी सव्वीस तारखेला सासूबाईंनी चादरी धुवायला टाकल्या. मशीन पिळायला लागलं तसे तिघेही थरथरत निघाले. दोघे कडेपाशी थांबले. ऊदवाला थांबला नाही.

फरशीवरचे तुकडे सासऱ्यांनी स्वतः गोळा केले. त्या दिवशी ते चहालाही आले नाहीत. संध्याकाळी पाहतो तर स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर दोन मागींच्या शेजारी तिसरा उभा : हातात भाला, पाठीला ढाल, डोक्यावर पागोटं, मिशीला पीळ. गल्लीतल्या पोरांनी दिवाळीत केलेल्या किल्ल्यावरचा मातीचा मावळा. माझ्या मुलीने आणि मामेभावाने तो शेजारच्या मित्राकडून आणला होता, दोन करंज्या देऊन.

सासऱ्यांनी चष्मा लावला, काढला, पुन्हा लावला. "बायबलात मावळा कुठे लिहिलाय?"

मुलगी म्हणाली, "आजोबा, तीन तरी कुठे लिहिलेत?"

सासरे निरुत्तर झालेले मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले. थोड्या वेळाने त्यांनी एक दुरुस्ती सुचवून पाहिली : मागी पूर्वेचे, आणि मावळ म्हणजे जिकडे सूर्य मावळतो तो मुलूख, नगरहून बघितलं तरी पश्चिमेला. हा चुकीच्या फलाटावर उभा आहे. मुलांनी त्यावर तोडगा काढला. मावळा पश्चिमेकडून, म्हणजे दारातल्या चपलांच्या स्टँडवरून निघाला आणि वाटेत सोफ्यापाशी बाकीच्या दोघांना मिळाला. त्याच्या भाल्याच्या टोकाला सासूबाईंनी ऊदाचा खडा दोऱ्याने बांधला. ६ जानेवारीला तिघेही पोहोचले. त्या रात्रीच्या प्रार्थनेत एकच 'शेवटी' होतं.

याला आता सहा नाताळ झाले. गेल्या वर्षी मी पुण्याहून त्याच मापाचा, उंटासकट नवा मागी शोधून आणला. मुलांनी तो बघितला, छान आहे म्हणाली आणि मेंढपाळांच्या मागे नेऊन ठेवला. राखीव गाडी. सासऱ्यांनीही माझी बाजू घेतली नाही. २५ तारखेला पहाटे मला जाग आली तेव्हा ते चपलांच्या स्टँडपाशी उकिडवे बसून मावळ्याची मिशी ओल्या फडक्याने पुसत होते.

जाताना मी रजिस्टर उघडून पाहिलं. चक्र, तक्ता, अंडी सगळ्यांवर लाल रेघ आहे. शेवटच्या पानावर एवढंच : "मावळा. सुटला २५ डिसेंबर, पोहोचला ६ जानेवारी. शेरा : वेळेवर." 'सुरू झाल्याचा दिनांक' हा रकाना कोरा आहे.